सगळे पार्ट पास करणारं गेज

पुण्यात समुपदेशनाचं प्रकरण लिहिताना बाईचं नाव बदलायचं म्हणजे पंचाईत. वैशाली, रूपाली म्हटलं की फर्ग्युसन रस्त्यावरची हॉटेलं डोळ्यांपुढे येतात, सुजाता म्हटलं की मस्तानी. म्हणून हिला माधुरी म्हणते. वय, कंपनीचा तपशील आणि एकदोन गावं इकडची तिकडं केली आहेत. बाकीचं लिहून तिला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिने मला दुरुस्त केलं, त्या दुरुस्त्या जशाच्या तशा घेतल्या आहेत.

पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२३ मध्ये ती माझ्याकडे आली तेव्हा ४३ वर्षांची होती. आधी मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग नोकरी सांभाळून बीई. भोसरी एमआयडीसीतल्या एका मशिनिंग कंपनीत अकरा वर्षं क्वालिटी हेड. कंपनी ट्रॅक्टरचे आणि दुचाकींचे सुटे भाग करायची. माणसं दोनशेच्या आसपास, मालक एकच, त्यांना सगळे शेठ म्हणायचे. घर धायरीला. म्हणजे रोज नवले पूल, वारजे, वाकड, नाशिक फाटा. जाऊन-येऊन तीन तास. नवरा हेमंत अनुदानित शाळेत गणित शिकवतो. मुलगी नववीत होती. आदल्या दिवाळीत सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

मी करिअर समुपदेशन करते. त्याआधी बारा वर्षं कारखान्यांच्या एचआरमध्ये होते, त्यामुळे शॉप फ्लोअरची भाषा मला कळते. हे सांगायचं कारण पुढे येईल.

अडचण

"मॅडम, मला निर्णय घेता येत नाही असं नाही," ती पहिल्याच भेटीत म्हणाली. "दिवसाला दीडशे घेते. ओके, रिजेक्ट, रिवर्क. पण स्वतःचं आलं की सुचतच नाही. दोन महिने झाले, पहाटे तीनला जाग येते."

तिच्यासमोर चार वाटा होत्या. गुजरातमधल्या साणंदच्या एका मोठ्या कंपनीत प्लांट क्वालिटीचं प्रमुखपद, आत्ताच्या जवळजवळ पावणेदोनपट पगारावर, पण साठ दिवसांत रुजू व्हायची अट. दुसरी वाट शेठची: "तुला पार्टनर करतो, आठ टक्के तुझे." हे शेठ तीन वर्षं म्हणत होते, कागदावर एक ओळ नव्हती. तिसरी जुन्या सहकाऱ्याची. तो चाकणला कॅलिब्रेशन लॅब, म्हणजे मोजमापाची साधनं अचूक आहेत का ते तपासणारी प्रयोगशाळा, काढत होता, तिला भागीदार म्हणून हवी होती, आणि तिचे पस्तीस लाख, म्हणजे अर्थात धायरीचा फ्लॅट गहाण ठेवून. चौथी वाट म्हणजे आहे तिथे राहायचं आणि मुलीची दहावी होऊ द्यायची.

तिला माझ्याकडून हवं होतं ते एवढंच: "चारातलं एक निवडायला काहीतरी मापदंड द्या."

पहिला प्रयत्न फसला

मी नेहमीचं केलं. मूल्यांची साठ कार्डं तिच्यापुढे टेबलावर मांडली आणि आधी वीस, मग दहा, मग पाच निवडायला सांगितली. तिने अर्ध्या तासात पाच काढली: कुटुंब, प्रामाणिकपणा, स्वातंत्र्य, सुरक्षितता, प्रगती.

इथे थोडा सिद्धांत सांगते, कारण पुढची गडबड त्यातून समजते. शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये दहा मूलभूत मूल्यांची मांडणी केली आणि ती वर्तुळात बसवली. शेजारशेजारची मूल्यं एकमेकांना पूरक, समोरासमोरची एकमेकांना ओढणारी. त्यात स्वतःच्या मर्जीने जगणं एका बाजूला येतं आणि सुरक्षितता साधारण पलीकडच्या बाजूला. माधुरीने दोन्ही उचलली होती. त्यात चूक काही नाही, माणसं अशीच असतात, पण अशी यादी निर्णयाला उपयोगी पडत नाही. पाचांतलं एकच ठेवायला सांगितलं तर तिने क्षणाचाही विचार न करता 'कुटुंब' ठेवलं.

मग आम्ही चारही पर्याय त्या शब्दावर लावून पाहिले. साणंद? पैसा येईल, मुलीचं शिक्षण होईल, कुटुंबासाठीच ते. भोसरीतच राहायचं? आई घरी दिसेल, कुटुंबासाठीच. लॅब? पुढे वेळ आपल्या हातात राहील, तेही कुटुंबासाठीच. शेठची भागीदारी? तीही.

माधुरी हसायला लागली. "मॅडम, हे गेज घासलंय."

ज्यांनी वर्कशॉप पाहिलं नाही त्यांच्यासाठी: भोकाचा व्यास तपासायला प्लग गेज असतं, त्याला दोन टोकं. एक 'गो', ते भोकात जायलाच हवं. दुसरं 'नो गो', ते जाता कामा नये. नो गो टोक वापरून वापरून झिजलं की ते कुठल्याही भोकात सुखाने जातं. मग एकतर चांगले पार्ट फुकट रिजेक्ट होतात, नाहीतर ऑपरेटर वैतागून ते टोक लावायचंच सोडून देतो. आणि ते लावायचं सोडलं की सगळा लॉट पास. तिच्या यादीला फक्त गो टोक होतं.

तिने आणखी एक टोमणा मारला, तो मला लागला. "ऑडिट आलं की आम्ही रिसेप्शनला क्वालिटी पॉलिसीची फ्रेम पुसून ठेवतो. आयएसओ ९००१ ला पॉलिसी लागतेच. ती वाचून कुणी कधी एक पार्ट थांबवलेला मी पाहिला नाही. तुमची कार्डं तशीच आहेत."

मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मूल्यांच्या दोन याद्या केल्या, अठरा-अठराच्या. एका यादीत शेवटी काय हवं ते, आणि कुटुंबाची सुरक्षितता त्यातच येते. दुसरीत वागावं कसं ते. मुक्कामाच्या गावाचं नाव सांगितलं की प्रत्येक एसटीचा कंडक्टर म्हणतो, "बसा, जाते." माधुरीला कसं वागायचं ते सांगणारा शब्द हवा होता. हे मला पुस्तकात माहीत होतं, तरी कार्डं काढली. सवय, दुसरं काय.

दुसरा प्रयत्न

मी तिला घरी लिहून आणायला सांगितलं: असे तीन प्रसंग, जिथे तुम्ही काहीतरी केलंत, त्याची किंमत मोजलीत आणि तरी पस्तावा झाला नाही. आणि असे तीन, जिथे राग प्रसंगाच्या मानाने फारच जास्त आला.

ती इन्स्पेक्शन रिपोर्टच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर लिहून घेऊन आली.

पहिला प्रसंग एप्रिल २०२० चा. लॉकडाऊन लागून तीन आठवडे झालेले. कंत्राटावरचे चौदा इन्स्पेक्टर तिला फोन करत होते, पगाराचं काय? कंत्राटदार म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे बघू. माधुरीने आत चौकशी केली, पैसे येणार नाहीत हे तिला कळलं, आणि तिने चौदा जणांना एकेक करून फोन लावला. "या महिन्याचे येणार नाहीत. पुढचंही मी सांगू शकत नाही. दुसरं काही मिळत असेल तर घ्या." शेठ भडकले, बाहेर सांगायची घाई काय होती म्हणाले. त्या वर्षी तिला वेतनवाढ मिळाली नाही.

दुसरा: मुलाखतीत नापास झालेल्या प्रत्येक पोराला ती स्वतः फोन करून 'नाही' कळवते. एचआरने दोनदा सांगितलं, हे तुमचं काम नाही.

रागाचा प्रसंग मला सगळ्यात आवडला. मावसबहिणीला पाहायला आलेल्या मंडळींनी पोहे खाल्ले, "कळवतो" म्हणाले आणि पाच महिने कळवलंच नाही. माधुरीने मुलाच्या वडिलांना फोन लावून विचारलं, "काका, हो का नाही, एवढंच सांगा." काका दोन मिनिटं खाकरले आणि नाही म्हणाले. मावशी वर्षभर माधुरीशी बोलली नाही.

आणि शेवटचा राग हेमंतवर. भोरजवळ त्यांचा एक छोटा प्लॉट आहे, त्याला गिऱ्हाईक येतं, हेमंत "बघू" म्हणतो, गिऱ्हाईक जातं. त्यावरून एकदा तिने ताट ढकललं होतं.

ही यादी मी तिलाच क्वालिटीवाल्यांच्या पद्धतीने सोडवायला सांगितली. पाच वेळा 'का' विचारायचं. दोषाचं मूळ शोधायला ती हे आठवड्यातून तीनदा करते. चौथ्या 'का'ला ती थांबली.

तिचे वडील पिंपरीच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत होते. १९९८ मध्ये कंपनी बंद पडली. देणी मिळणार होती. दर महिन्याच्या दहा तारखेला वडील इस्त्रीचा शर्ट घालून, कागदांची प्लॅस्टिकची फाइल घेऊन गेटवर जायचे. गेटवर सांगायचे, पुढच्या महिन्यात. हे सात वर्षं चाललं. फाइल दोनदा बदलली, कारण तिची कड उसवली.

"नाही म्हणाले असते ना," माधुरी म्हणाली, "तर बाबांनी दुसऱ्याच वर्षी रिक्षा घेतली असती. परमिटचं सगळं ठरलं होतं. पण पैसे येणार होते."

शब्द ठरवताना

मी म्हटलं, मग हे मूल्य म्हणजे प्रामाणिकपणा. तिने मान हलवली. "गेटवरचे लोक प्रामाणिकच होते. पैसे येणार की नाही, ते त्यांना खरंच माहीत नव्हतं." मग मी 'जबाबदारी' म्हणाले. "तो अप्रेझल फॉर्ममधला शब्द आहे." 'स्पष्टपणा'? "स्पष्ट बोलणारी माणसं बघितलीत तुम्ही? नुसती तोडून बोलतात."

मी गप्प बसले. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात समोरचा माणूस शब्द शोधत असताना गप्प बसणं मला अजून नीट जमत नाही. दोनेक मिनिटांनी ती म्हणाली, "कुणाला टांगून ठेवायचं नाही. बस."

कुठल्याच यादीत हे मूल्य नाही. वाक्य आहे, तेही नकारार्थी. पण नो गो टोक नकारार्थीच असतं.

पुढचं तिचं तिलाच दिसलं, माझ्या आधी. साणंदच्या एचआरला तिने सांगितलं होतं, "आठवड्यात कळवते." त्याला पाच आठवडे झाले होते. शेठला "विचार करते." लॅबवाल्या मित्राला "घरी बोलते." हाताखालच्या दोन मुलांना "तुमचं प्रमोशन लावून देते, थोडं थांबा." दोन महिने तिने चार जागी माणसं टांगून ठेवली होती, आणि पहाटे तीनला जाग येत होती. निवड कठीण होती म्हणून झोप उडाली, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो.

पर्याय तपासले ते असे

एक प्रश्न आधी सोडवावा लागला. 'कुणाला' म्हणजे दुसऱ्यांनाच ना? शेठ तिला टांगून ठेवत होते, त्याचं काय? माझं मत होतं की मूल्य आपल्या वागण्यापुरतं असतं, दुसऱ्याच्या वागण्याला ते लावू नये. ती म्हणाली, "मॅडम, मीपण 'कुणी' आहेच की." तिचं बरोबर होतं. या एका वाक्याने भागीदारीचा प्रश्न तीन वर्षांनी हलला.

साणंदला साठ दिवसांत जायचं तर नव्या पार्टचं पीपॅप अर्धवट टाकावं लागणार होतं. पीपॅप म्हणजे उत्पादन सुरू करण्याआधी ग्राहकाकडून घ्यायची मंजुरी. मापं, मटेरियलचे रिपोर्ट, प्रोसेसचे कागद, सगळं त्यात येतं आणि सही क्वालिटी हेडची. ते जूनमध्ये संपणार होतं. शिवाय ती दोन मुलं. साणंद सरळ बाद होत नव्हतं, रुजू होण्याची तारीख बदलली तर बसत होतं.

लॅबमध्ये अडचण पैशाची होती. एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता कधी मिळेल ते नक्की सांगता येत नव्हतं, आणि तोवर बरेच मोठे ग्राहक त्या लॅबचं सर्टिफिकेट घेणार नव्हते. फ्लॅट गहाण ठेवून अनिश्चित काळ वाट पाहायची म्हणजे घरच्या चौघांना टांगायचं. काम मात्र तिच्या मनासारखं होतं. गेज आलं, तपासलं, चांगलं किंवा वाईट ते लिहून दिलं.

आहे तिथे राहणं तिला सर्वांत सोपं वाटत होतं. तेच या कसोटीवर सर्वांत वाईट ठरलं.

काय केलं

नऊ दिवसांत तिने प्रत्येकाला तारीख दिली. उत्तर नव्हे, तारीख. ही सूचना माझी होती आणि या प्रकरणात माझा उपयोग झाला असेल तर तो इथे.

दोन मुलांना तिने त्याच आठवड्यात सांगितलं: एकाचं प्रमोशन एप्रिलमध्ये नक्की, दुसऱ्याचं होणार नाही, कारण शेठ जागा काढत नाहीत. दुसऱ्याने महिन्याभरात नोकरी सोडली.

शेठना तिने ३१ मार्चपर्यंत लेखी मसुदा मागितला. शेठ हसले, "आपल्यात कागद कशाला गं?" ती म्हणाली, "आपल्यात नकोच. उद्या तुमचे चिरंजीव बसतील खुर्चीवर, त्यांच्यासाठी." मसुदा आला नाही. १ एप्रिलला तिने नव्वद दिवसांच्या नोटिशीवर राजीनामा दिला, म्हणजे पीपॅप संपवूनच जाणार होती. तारीख एप्रिल फूलची असल्याने शेठनी तो दुपारपर्यंत उघडून पाहिला नव्हता.

साणंदवाल्यांकडे तिने जुलैची तारीख मागितली. ते मेच्या मध्यापलीकडे जायला तयार नव्हते. तिने त्याच संध्याकाळी नाही कळवलं. त्या रात्री तिने मला मेसेज केला, "पावणेदोनपट पगाराला नाही म्हटलं. हात गार पडलेत." लॅबवाल्याला तिने सांगितलं की पैसे घालणार नाही, नोकरी म्हणून बोलवायचं असेल तर ऑगस्टनंतर विचार.

निष्पत्ती

पीपॅप जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मंजूर झालं. जुलैपासून ती पाच आठवडे घरी होती. लॅबवाल्याला दुसरा गुंतवणूकदार मिळाला आणि त्याने तिला तांत्रिक प्रमुख म्हणून बोलावलं, पगार भोसरीपेक्षा सुमारे १८ टक्के कमी. आठवड्यातून पाच दिवस चाकण, म्हणजे प्रवास उलट वाढला. झोप लागते. शेठ मुलीच्या वाढदिवसाला दरवर्षी पेढे पाठवायचे, ते बंद झाले.

वर्षभराने भेटली तेव्हा तिने एक वेगळीच गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोलाची तीच आहे. दहावीचा निकाल लागला, अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता, आणि मुलगी म्हणत होती, "आई, सायन्स की आर्ट्‌स, मला अजून कळत नाहीये." माधुरीने तिला जेवणाच्या टेबलावर धरलं. हो की नाही, आत्ता सांग, असं टांगून ठेवू नकोस. पोरगी रडत उठून गेली.

सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, लोणचं घातलं की दुसऱ्या दिवशी बरणी उघडतेस का?"

माधुरीला हे आठवडाभर डाचत राहिलं. टांगून ठेवणं कुठलं आणि मुरू देणं कुठलं? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उत्तर आलेलं नसतं. शेवटी तिने फरक केला तो तारखेचा. वाट पाहणाऱ्याला कधीपर्यंत ते माहीत असेल तर मुरू देणं. तिने मुलीला फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधीचा दिवस दिला आणि तोवर विषय काढला नाही. मला ही व्याख्या पुरती पटत नाही. वडिलांनाही दर महिन्याची दहा तारीख दिलेली होतीच. हे मी तिला म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "ती तारीख पाळायची नसते असं गेटवरच्याला माहीत होतं."

पुन्हा करायचं झालं तर

कार्डं आधी काढणार नाही. माणूस कार्डांतून स्वतःचा बरा फोटो निवडतो. किंमत मोजलेले प्रसंग आणि अवाजवी राग, इथून सुरुवात केली असती तर दोन भेटी वाचल्या असत्या.

राजीनाम्याआधी पैशाचा साधा हिशोब करायला हवा होता. तिच्याकडे चार महिन्यांचे हप्ते भरण्याएवढी शिल्लक होती, हे मला जुलैत कळलं. लॅब लांबली असती तर याच मूल्याने घर अडचणीत आणलं असतं. मूल्य सापडल्याच्या आनंदात समुपदेशकही वाहवतो, मी वाहवले.

आणि हेमंत. मी त्याला चौथ्या भेटीत बोलावलं, तोवर सगळ्यांना तारखा देऊन झाल्या होत्या. तो शांतपणे बसला, कार्डांच्या डब्याचं झाकण उघड-बंद करत राहिला आणि मग तिला म्हणाला, "शेठला तारीख दिलीस, साणंदला दिलीस, त्या पोरांना दिलीस. मला राजीनाम्याचं आदल्या रात्री कळलं." माधुरीजवळ याला उत्तर नव्हतं. माझ्याजवळही नव्हतं. नवऱ्याला दुसऱ्याच भेटीत बोलावलं असतं तर निर्णय बदलला असता का, ठाऊक नाही, पण तो तिघांचा झाला असता.

परवा तिचा फोन आला होता, लॅबच्या कामासाठी. सहज विचारलं, भोरच्या प्लॉटचं काय झालं?

"हेमंतला तीन तारखा दिल्या मॅडम," ती म्हणाली. "तिन्ही गेल्या. अजून बघूच चाललंय."